वाचकांचे प्रश्न : बॅरलचा ट्विस्ट किती घ्यावा?

नेमबाजीच्या या सदराकडे आलेली या वेळची बहुतेक पत्रं एकाच मुद्द्याभोवती फिरतात: नवीन बॅरल मागवताना ट्विस्ट किती सांगायचा? ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांत गोळी आवळली जाते आणि भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते, म्हणूनच ती तोंड पुढे ठेवून जाते. किती इंचांत एक फेरा पुरा होतो, तो ट्विस्ट. १:८ म्हणजे आठ इंचांत एक फेरा. आकडा लहान तेवढा पीळ घट्ट. बोलताना नेमका इथेच गोंधळ होतो, म्हणून 'जास्त' आणि 'कमी' हे शब्द टाळून आपण घट्ट आणि सैल म्हणू.

प्रश्न : ३०० मीटरसाठी ६ मिमी बीआर या काडतुसाचं बॅरल मागवतो आहे. गोळी १०५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं लहान माप) वापरणार, व्हर्नियरनं मोजली तर लांबी १.२४ इंच भरते. १:८, १:९ आणि १:१० असे तीन पर्याय आहेत. सोबतचे नेमबाज म्हणतात, सैल पिळात ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) लहान येतो, १:१० घे. काय करू? (एक नेमबाज, म्हापसा)

उत्तर : १:८ घ्या. १:१० मध्ये ही गोळी कागदावर आडवी पडेल.

तुम्ही पत्रात लांबी लिहिलीत हे फार बरं केलंत. पुष्कळ जण नुसतं वजन कळवतात, पण पीळ ठरतो लांबीवर. वजन वाढलं की गोळी सहसा लांब होते, म्हणून वजनावरून अंदाज बांधायची सवय लागली आहे. ती सवय अंगलट येते तांब्याच्या अखंड गोळीच्या बाबतीत: तांब्याची घनता ८.९, शिशाची ११.३, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी बरीच लांब असते आणि तिला पीळही घट्ट लागतो.

हिशोबासाठी डॉन मिलर यांचं सूत्र वापरा. ते २००५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि साध्या कॅल्क्युलेटरवर सुटतं. तुमचेच आकडे घालून पाहू. आधी लांबीला व्यासानं भागा: १.२४ भागिले ०.२४३ (६ मिमी गोळीचा व्यास, इंचांत), आले ५.१०. मग ट्विस्टला व्यासानं भागा: ८ भागिले ०.२४३, आले ३२.९, त्याचा वर्ग साधारण १०८४. व्यासाचा घन ०.०१४३५. आता ५.१० च्या वर्गात १ मिळवून पुन्हा ५.१० नं गुणा, १३८ येतात. १०८४, ०.०१४३५ आणि १३८ यांचा गुणाकार २१४६ च्या आसपास. वर ठेवायचं वजन गुणिले ३०, म्हणजे ३१५०. भागाकार १.४७. हा झाला स्थैर्यांक.

१ च्या खाली आला तर गोळी कोलांट्या खाते. १ ते १.३ मध्ये ती जाते, पण डगमगत. १.४ च्या वर आपण निर्धास्त, आणि १.५ मिळाला तर हवेचा अडसर सर्वांत कमी. याच गोळीला १:९ मध्ये १.१६ येतो आणि १:१० मध्ये ०.९४. तुमच्या सोबत्यांचं उत्तर इथेच मिळतं.

हे सूत्र सेकंदाला २८०० फूट वेग आणि १५ अंश सेल्सियस तापमान धरून बसवलं आहे. वेगाचा फरक त्यात फारसा जाणवत नाही, तापमानाचा जाणवतो. मे महिन्यात गोव्यात ३२ अंशांवर हवा विरळ असते, म्हणून स्थैर्यांक सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो: १.४७ चा १.५६ होतो. तीच रायफल डिसेंबरात दिल्लीच्या डॉ. कर्णीसिंग रेंजवर सकाळी आठ अंशांत काढलीत की तो वाढावा गेलाच म्हणून समजा. ऐंशी मार्कांनी पास होणाऱ्याला सहा टक्क्यांचं काही वाटत नाही, पस्तीसवाल्याला वाटतं. म्हणून '१:९ घेतलं, इथे छान चाललं' हा अनुभव खरा असला तरी थंडीतल्या स्पर्धेला तो पुरत नाही. अमेरिकी लष्कराच्या एम-१६ रायफलच्या पूर्वरूपाचा पीळ सुरुवातीला १:१४ होता. कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत गोळ्या डगमगल्या, तेव्हा तो १:१२ करावा लागला.

एक खबरदारी. गोळीच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असेल तर ती लांबीत पूर्ण धरू नका. ती वजनाला नगण्य असते. धरली तर सूत्र उगीच घाबरवतं आणि तुम्ही गरजेपेक्षा घट्ट पीळ मागवून बसता.

प्रश्न : मग सरळ १:७ च का घेऊ नये? पुढे आणखी लांब गोळी वापरावीशी वाटली तर सोय राहील. (एक वाचक, वास्को)

उत्तर : घेता येतो. भीती घालतात तेवढं त्यात काही बिघडत नाही, पण फुकटही मिळत नाही.

कोणतीच गोळी काट्यावर तोललेली नसते. तिचा गुरुत्वमध्य मध्यरेषेपासून एका इंचाच्या दहा हजाराव्या भागानं, म्हणजे अडीच मायक्रॉननं, सरकलेला आहे असं धरू. नळीत तो मध्य गोल फिरत असतो आणि तोंडातून सुटताच त्या क्षणीच्या दिशेनं बाजूला फेकला जातो. किती? दोन पाय (π, म्हणजे ३.१४) गुणिले हा सरक, भागिले ट्विस्ट. १०० मीटरवर १:१२ मध्ये सुमारे ५ मिलिमीटर, १:८ मध्ये ८, १:७ मध्ये ९. 'सैल पिळात ग्रुप लहान' या म्हणण्यामागचं सत्य एवढंच. पण ३०० मीटरवर १:१० आणि १:८ यांच्यातला फरक जेमतेम ५ मिलिमीटर पडतो, आणि ३०० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं असतं. एवढ्यासाठी गोळी उडती ठेवायची की आडवी पाडायची, हा प्रश्नच उरत नाही.

दुसरा धोका फेऱ्यांचा. मिनिटाचे फेरे काढायचे तर फुटांतला वेग गुणिले ७२०, भागिले ट्विस्ट. २८५० फुटांना १:८ मध्ये २,५६,५०० फेरे, १:७ मध्ये २,९३,००० च्या वर. जाड आवरणाच्या मॅच (स्पर्धेच्या) गोळीला हे झेपतं. पातळ आवरणाची हलकी, वेगवान गोळी तीन लाखांच्या आसपास हवेतच फुटू शकते. कागदावर भोक नसतं, वाटेत राखाडी धुराची रेघ दिसते, आणि नेमबाज बिचारा दुर्बीण तपासत बसतो.

उलट चूक जास्त महाग पडते. रेमिंग्टननं १९५५ मध्ये .२४४ हे काडतूस १:१२ पिळात आणलं, हलक्या गोळ्यांसाठी. त्याच वेळी विंचेस्टरचं .२४३ होतं १:१० मध्ये, आणि ते १०० ग्रेनची गोळी सांभाळायचं. गिऱ्हाईक तिकडे गेलं. शेवटी १९६३ मध्ये रेमिंग्टननं तेच काडतूस ६ मिमी रेमिंग्टन या नावानं, १:९ पीळ देऊन पुन्हा बाजारात आणलं.

आमचं मत: खरोखर वापरणार असाल त्या सर्वांत लांब गोळीचा हिशोब करा, स्थैर्यांक १.५ च्या आसपास येईल तिथे थांबा. 'पुढेमागे लागेल' म्हणून आणखी घट्ट नको. आणि आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस घरी भरता येत नाही. जे तयार काडतूस वर्षभर मिळण्याची खात्री आहे त्याचीच गोळी धरून चाला.

प्रश्न : कुळागरात रानडुकरांचा उपद्रव म्हणून पीक संरक्षणाचा परवाना आहे, बंदूक एकनळी बारा बोअरची. तिलाही ट्विस्टची नळी बसवली तर नेम सुधारेल का? (एक बागायतदार, सत्तरी)

उत्तर : नाही. छऱ्याची नळी आतून गुळगुळीतच हवी. पिळाच्या नळीतून छरे मारले तर तेही फिरत बाहेर पडून फाकतात आणि मध्ये मोकळी जागा राहते, वड्यासारखी. छऱ्यांचा पसारा आवरतो तो चोक: फुल चोकमध्ये नळीचं तोंड साधारण एक मिलिमीटरनं अरुंद असतं. स्लगच्या (छऱ्यांऐवजी मारायची एकच मोठी शिशाची गोळी) अंगावर तिरप्या खाचा दिसतात त्यांनाही फसू नका. स्लग सरळ जातो कारण त्याचं वजन पुढे असतं आणि मागून तो पोकळ असतो, बॅडमिंटनच्या फुलासारखा. खाचा आहेत त्या चोकमधून जाताना शिसं आवळलं जावं म्हणून.

प्रश्न : ५० मीटर थ्री पोझिशनसाठी (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) .२२ चं बॅरल बदलायचं आहे. सगळे १:१६ च देतात. त्याहून घट्ट पीळ मागवला तर फायदा होईल का? (एक खेळाडू, फोंडा)

उत्तर : स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं तो हाच प्रकार. इथे सगळे १:१६ देतात कारण तो हिशोबात बसतो. इंग्लंडमधल्या वूलिचच्या ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेलं जुनं सूत्र पाहा: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले लांबी. ४० ग्रेनच्या गोळीची लांबी ०.४६ इंच आणि व्यास ०.२२३ धरा, उत्तर १६.२ येतं. ती गोळी आवाजाच्या वेगाखाली जाते, तिला याहून घट्ट पीळ नको. अपवाद ६० ग्रेनच्या लांब .२२ चा: ती १:१६ मध्ये आडवी पडते, तिला १:९ च्या आसपास लागतो. पण मॅचसाठी ती कुणी वापरत नाही.

.२२ मध्ये पैसे आणि वेळ ट्विस्टवर घालवू नका, लॉटवर (एका वेळी तयार झालेल्या काडतुसांच्या खेपेवर) घाला. शिशाच्या गोळीत गुरुत्वमध्याचा सरक जास्त असतो. तो इंचाच्या दहा हजारांतले पाच भाग धरला तर १:१६ मध्ये ५० मीटरवर जवळजवळ १० मिलिमीटरची फेक येते, आणि दहाचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे एका वाईट गोळीनं दहा गेला. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉट एकाच बॅरलमध्ये वेगळे वागतात. डब्यावरचा लॉट क्रमांक लिहून ठेवा, रायफल शिकंजात बांधून प्रत्येक लॉटचे दहा दहा गोळ्यांचे किमान चार ग्रुप घ्या. लॉट बदलताना आधी दहा गोळ्या नुसत्या जाऊ द्या. आधीच्या काडतुसाचं मेण नळीत असतं, ते निघून नवं बसेपर्यंतचा ग्रुप धरायचा नाही. पाच गोळ्यांच्या एका सुरेख ग्रुपवर भाळून पेटी विकत घेणारे आपल्यात कमी नाहीत. निवडलेला लॉट मात्र हंगामभर पुरेल एवढा एकदम घ्या.

प्रश्न : माझी .२२ मेपर्यंत उत्तम होती. पाऊस संपल्यावर काढली तर दहातल्या दोन गोळ्या भलतीकडेच. ट्विस्ट झिजला असेल का? नवं बॅरल घेऊ? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : ट्विस्ट झिजत नाही, खाचांच्या कडा झिजतात. आणि .२२ मध्ये तेही हजारो गोळ्यांनंतर. चार महिने बंद राहिलेल्या रायफलीबद्दल पहिला संशय गंजाचा घ्या, आणि तोही नळीच्या तोंडाशी.

तोंडाची कड, म्हणजे क्राऊन, ही गोळीला शेवटचा हात लावणारी जागा. तिथे एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला तरी वायू त्या बाजूनं आधी सुटतो आणि गोळीला तिरपा धक्का देतो. तपासायचं असं: रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घ्या, बोल्ट काढून बाजूला ठेवा. कान साफ करायची कापसाची काडी खाचांच्या तोंडावरून आतून बाहेर हलकेच ओढा, एकेक खाच धरून सगळीकडून. कुठे कापसाचा तंतू अडकला तर तिथेच दोष. दुसरी खूण काजळीची: वीस-पंचवीस गोळ्यांनंतर तोंडावर चांदणीसारखी नक्षी उमटते. तिचे सगळे पाय सारखे हवेत. एक पाय लांब किंवा फिसकटलेला असेल तर कड दुखावली आहे. ते काम परवानाधारक गनस्मिथचं; घरी पॉलिश पेपर घेऊन बसू नका.

कड ठीक निघाली तर चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढे पाहा. तिथे मेण, शिसं आणि जळका कचरा यांचं कडं बसतं. पावसाळ्यात ते ओलावा धरतं आणि दगडासारखं होतं. मागून, बोअर गाइड (रॉड मधोमध ठेवणारी नळी) लावून, सॉल्व्हंटचं फडकं फिरवा, दहा मिनिटं थांबा, ब्राँझच्या ब्रशचे पाच-सहा फेरे द्या, मग कोरडी फडकी पांढरी निघेपर्यंत. साफ नळी लगेच नेम धरत नाही. दहा-पंधरा गोळ्यांनी ती बसते. तेलाचा पातळ थर देऊन ठेवली होती आणि न पुसताच पहिल्या गोळ्या मारल्या, असंही झालेलं असू शकतं. मग दोन नव्हे, पहिल्या पाचही भलतीकडे जातात.

फोमच्या पेटीत रायफल ठेवणं आपल्या किनाऱ्यावर सर्वांत वाईट. फोम खारी दमट हवा पितो आणि धातूला चिकटवून ठेवतो. पेटी फक्त ने-आण करण्यापुरती. कपाटात उभी ठेवा, सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की भाजून पुन्हा निळे करा, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी नळीत तेलाचं फडकं फिरवा. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं तर आत-बाहेर जाड तेल देऊनच सोपवा, आणि परत मिळताच त्याच दिवशी पुसा.

प्रश्न : परवान्यावर जुनी रायफल घेतली. ट्विस्ट कुठेच कोरलेला नाही. कसा मोजायचा? (एक वाचक, पणजी)

उत्तर : बेअरिंगच्या मुठीचा क्लीनिंग रॉड हवा, जो आपोआप फिरतो. साध्या मुठीचा चालणार नाही. जॅग (रॉडच्या टोकाचा, फडकं धरणारा भाग) आधी पक्का आवळा, नाहीतर रॉड फिरायच्या ऐवजी जॅगच सुटत जातो आणि आकडा खोटा येतो. फडकं घट्ट बसणारं आणि कोरडं. तेलकट फडकं खाचांवरून घसरतं.

रिकाम्या रायफलीत मागून रॉड सहा-सात इंच आत ढकला. मुठीजवळ रॉडच्या वरच्या बाजूला मार्करनं ठिपका द्या आणि नळीच्या मागच्या कडेशी चिकटपट्टीची खूण करा. आता न थांबता, एका चालीनं पुढे ढकला. ठिपका पूर्ण फेरा घेऊन परत वर आला की थांबा, दुसरी चिकटपट्टी लावा. दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे ट्विस्ट. तीनदा मोजा, पाव इंचाहून जास्त फरक आला तर फडकं घसरतंय. पीळ सैल आणि नळी आखूड असेल तर अर्ध्या फेऱ्यावर मोजून दुप्पट करा.

हे करताना हाताला आणखी एक गोष्ट कळते. फडकं तोंडाकडे जाताना सारखाच जोर लागला पाहिजे. तोंडाशी एकदम सैल वाटलं तर ती नळी बाद समजा: पुढे पीळ किंवा छिद्र सैल पडत असेल तर गोळीवरची पकड नेमकी शेवटी सुटते. तोंडाकडे किंचित घट्ट होणारी नळी मात्र चालते.

फिरण्याची दिशाही लिहून ठेवा. बहुतेक रायफलींचा पीळ उजवा, .३०३ ली एन्फिल्डचा डावा, पाच खाचांचा, १:१०. उजव्या पिळाची गोळी लांब अंतरावर थोडी उजवीकडे सरकते, हजार यार्डांवर वीतभर. ५० मीटरवर त्याचा विचारही करू नका.

प्रश्न : मुलीसाठी १० मीटरची एअर रायफल घ्यायची आहे. तिथेही ट्विस्ट बघावा का? (एक पालक, मडगाव)

उत्तर : नको. मध्ये बारीक कमरेचा पेलेट मागच्या घेराच्या आधारानंच सरळ जातो, पीळ नुसता हातभार लावतो. ४०० ते ४५० मिलिमीटरला एक फेरा असला की झालं. बघायचंच तर बटची लांबी तिच्या खांद्याला जुळते का ते बघा. व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. मॅच रायफल ८ ज्यूलच्या आसपासच असते. .२२ व्यासाची एअर रायफल मात्र परवान्यात येते, दुकानदार काहीही म्हणो.

प्रश्न : कुंडईला ओळखीचा लेथ आहे, कारागीर एक नंबर. बाहेरून आणलेलं बॅरल तिथे बसवून घेतलं तर? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणं, दुरुस्त करणं, बदलणं याला परवाना लागतो. बॅरल हा शस्त्राचाच भाग धरला जातो, आणि नळी आखूड करायला कलम ६ वेगळं आहे. कारागीर कितीही कुशल असला तरी गुन्हा त्याच्यावरही आणि तुमच्यावरही. आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि राज्य संघटनेत विचारा, काम परवानाधारक गनस्मिथकडे द्या. त्याच्याकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: काडतूस कोणतं, गोळीचं वजन आणि मोजलेली लांबी, ट्विस्ट आणि दिशा, खाचांची संख्या, तयार लांबी, बाहेरचा आकार आणि जास्तीत जास्त वजन. स्पर्धेच्या नियमात रायफलचं एकूण वजन ठरलेलं असतं, आणि जाड नळी मागवून नंतर किलोभर खरवडून घेण्याची वेळ येते ती हा शेवटचा आकडा लिहायचा राहून गेल्यामुळे.